बत्तीस की एकतीस?

बालमित्रांनो, कागद, पेन्सिल आणि कंपास घेऊन बसा. एक मोठ्ठं वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर २ बिंदू घेऊन ते रेषेने जोडा. वर्तुळाचे किती भाग झाले? २. आता ३ बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांशी जोडा. भाग झाले ४. बिंदू ४ असतील तर भाग ८ आणि ५ असतील तर १६. मग ६ बिंदूंना किती?

"सोप्पं! दुप्पट, म्हणजे ३२!" असंच म्हणालात ना? मीही फळ्यावर तेच लिहिलं होतं. एका मुलीच्या वहीत ३१ होते. मी लाल फुली मारली.

"बाई, मी मोजलेत," ती हळूच म्हणाली.

घरी जाऊन मी आकृती काढली. भाग भरले ३१! दुसऱ्या दिवशी तिची फुली खोडली आणि सगळ्या वर्गासमोर तिला 'सॉरी' म्हटलं.

तुम्हीही मोजा. मात्र ६ बिंदू समान अंतरावर घेऊ नका. मधोमध तीन रेषा एकाच ठिकाणी मिळतात, एक भाग नाहीसा होतो आणि ३० येतात.

आता एक गंमत पाहू. एका बिंदूला भाग १, तेव्हा आपल्या संख्या अशा :

१, २, ४, ८, १६
लगतच्या संख्यांतले फरक : १, २, ४, ८
त्या फरकांचे फरक : १, २, ४
पुन्हा फरक : १, २
शेवटी : १

हा शेवटचा १ कायम राहतो असं धरा आणि खालून वर चढा. २+१=३, ४+३=७, ८+७=१५, १६+१५=३१!

अशा शिडीतून जे सूत्र निघतं त्याला वरच्या वर्गात 'बहुपदी' म्हणतात. फरक चौथ्या पायरीवर स्थिर होतो, म्हणून ही ४ कोटीची बहुपदी. आपल्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ मध्ये 'खण्डखाद्यक' ग्रंथात असेच फरकांचे फरक वापरले होते, कोष्टकातल्या दोन किमतींच्या मधली किंमत काढण्यासाठी.

पण थांबा! '१ कायम राहील' हासुद्धा अंदाजच होता ना? आणि 'दुप्पट होईल' हाही. पहिल्या पाच संख्यांना दोन्ही चपखल बसतात. खरा कोणता, ते त्या मुलीच्या मोजणीने ठरवलं. ही शिडी इथे नेहमीच बरोबर येते, हे गणितज्ञांनी सिद्धही केलं आहे.

आई-बाबा, मुलांचं उत्तर वेगळं आलं, तर फुली मारण्याआधी "कसं काढलंस?" एवढं जरूर विचारा.

आणि दोस्तांनो, शिडी एक पाऊल पुढे न्या. ७ बिंदूंना ५७ आले, तर शाब्बास!