की-बोर्ड विकायचेत? मग प्रदर्शनात माल उचलायला नाही, माल ओळखायला जा!



पुण्यात वाद्यांचं दुकान टाकायचं किंवा चालू दुकानात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड ठेवायचे, असं तुमच्या डोक्यात असेल तर आजचा लेख शेवटपर्यंत वाचा. गिऱ्हाईक आपल्याकडे आहे. क्लासला जाणारी मुलं आहेत, भजनी मंडळं आहेत, ऑर्केस्ट्रावाले आहेत, घरी बसून गाणी रेकॉर्ड करणारी तरुण मंडळी आहेत. प्रश्न गिऱ्हाइकाचा नाही. प्रश्न आहे, तुमचं भांडवल कोणत्या मॉडेलमध्ये अडकणार याचा. आणि त्याचं उत्तर शोधायची उत्तम जागा म्हणजे व्यापारी प्रदर्शन.

आपल्याला जवळचं मोठं प्रदर्शन म्हणजे मुंबईचं पाम एक्स्पो. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, म्हणजे ज्याला सगळे नेस्को म्हणतात तिथे, साधारण मे महिन्याच्या शेवटी ते भरत आलंय. निघण्याआधी त्या वर्षीची तारीख आणि जागा तपासून घ्या. पुण्याहून सकाळच्या गाडीने दादर, तिथून लोकलने गोरेगाव, एका दिवसात जाऊन येता येतं. पण एक लक्षात ठेवा. हे प्रदर्शन प्रो ऑडिओ, लाइट आणि म्युझिक अशा तिन्हींचं आहे. स्पीकर आणि लाइटचे स्टॉल भरपूर असतात. ठरवून गेला नाहीत तर लाइट शो बघण्यातच दिवस जाईल आणि पिशवीभर कॅटलॉग घेऊन घरी याल.

आधी हा हिशोब समजून घ्या

समजा, एक की-बोर्ड तुम्हाला ९,००० रुपयांना पडला आणि तुम्ही तो १०,००० ला विकणार. नफा १,००० रुपये. पैसे महिना दीड टक्का व्याजाने उचललेले आहेत. म्हणजे त्या एका नगावर महिन्याला १३५ रुपये व्याज. तो नग आठ महिने विकला गेला नाही तर व्याज झालं १,०८० रुपये. नफा संपला, वर ८० रुपये खिशातून गेले! यात दुकानाचं भाडं आणि लाइट बिल अजून धरलेलंच नाही.

आता प्रदर्शनात कोणी म्हणालं, "साहेब, दहा नग घ्या, पाच टक्के जादा सूट देतो." पाच टक्के म्हणजे नगामागे ४५० रुपये. ऐकायला छान वाटतं. पण व्याजाच्या हिशोबात ही सूट जेमतेम सव्वातीन महिन्यांत संपते. म्हणून स्वस्त मिळालं यापेक्षा लवकर विकलं जाईल का, हे महत्त्वाचं. वेळही बघा. मेअखेर उन्हाळी सुट्टीची खरेदी संपत आलेली असते आणि गणपती अजून पुढे असतात. अशा वेळी "सीझनसाठी भरून ठेवू" हा मोह फार होतो.

प्रदर्शनात जुनं काय होणार ते बघा

सगळे नवीन मॉडेल बघायला जातात. दुकानदाराने उलटं बघायचं. हे नवीन आलं, तर माझ्या शेल्फवरचं काय जुनं होणार?

एक खरं उदाहरण देतो. अमेरिकेतलं नॅम हे या धंद्यातलं जगप्रसिद्ध प्रदर्शन. ते भरवणारी संघटना १९०१ मध्ये सुरू झाली, आणि ती सुरू केली पियानो विकणाऱ्या दुकानदारांनी! म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसांनी. जानेवारी १९८३ मध्ये या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसराही वाजत होता. दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. हीच मिडी पद्धत. आज कॉम्प्युटरला की-बोर्ड जोडताना आपण तीच वापरतो.

त्या दिवशी हॉलमध्ये फिरणाऱ्या हुशार दुकानदाराने फक्त "वा!" म्हटलं नसेल. आपल्या गोदामात मिडी नसलेला माल किती पडलाय, हा विचार त्याच्या मनात आला असेल. तुम्हालाही प्रत्येक स्टॉलवर हाच विचार करायचाय.

स्टॉलवर हे प्रश्न विचाराच

यामाहा, कॅसिओ, रोलंड, कोर्ग ही नावं तुम्हाला माहीत आहेत. कंपनी कोणतीही असो, "डीलर रेट काय?" हा प्रश्न पहिला विचारू नका. आधी हे विचारा:

१. हे मॉडेल कोणत्या जुन्या मॉडेलच्या जागी आलंय? जुन्याचा भाव उतरला तर माझ्याकडे पडलेल्या मालाचा फरक कोण देणार?

२. पुण्यात माल कोणत्या वितरकाकडून मिळेल? एक-एक नग मिळेल की पेटीच उचलावी लागेल?

३. उधारी किती दिवसांची? डेमो पीस मिळेल का, आणि कोणत्या भावाने?

४. पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का? वॉरंटीतला नग आला तर तो पाठवायचा खर्च कोणाचा?

५. ऑनलाइन भाव दुकानापेक्षा कमी असेल तर तुम्ही डीलरसाठी काय करता?

उत्तर वहीत लिहा, माणसाचं नाव आणि पद लिहा. जो गोलगोल बोलतो, त्याच्यापुढे फुली मारा.

अनोळखी ब्रँडचा, आयात केलेला स्वस्त माल दिसला तर आणखी सावध राहा. अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. ब्लूटूथ असेल तर त्याची सरकारी मंजुरी मागा. पक्कं जीएसटी बिल मिळणार का ते विचारा, नाहीतर इनपुट क्रेडिट गेलं. सुटे भाग मिळत नसतील तर तो नग एकदा बिघडला की गिऱ्हाईक कंपनीला नाही, तुम्हाला शिव्या घालणार.

गिऱ्हाइकाच्या कानाने ऐका

हॉलमध्ये गोंगाट असतो. स्वतःचा हेडफोन न्या, सोबत मोठ्या जॅकचा कन्व्हर्टरही न्या, कारण बऱ्याच की-बोर्डना मोठी पिन लागते. स्टॉलवरचा कलाकार वाजवतो ते ऐकून भुलू नका, त्याच्या हातात काहीही छान वाजतं!

तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाचं काम करून बघा. क्लासच्या मुलासाठी ६१ पट्ट्या आहेत का, हळू आणि जोरात दाबल्यावर आवाजात फरक पडतो का? भजनी मंडळासाठी तबला, तानपुरा, हार्मोनियमचे आवाज ऐकवण्यासारखे आहेत का? गायक "काळी दोन घ्या" म्हणाला की पट्टी पटकन बदलता येते का, की मेन्यूत शोधत बसावं लागतं? पियानो शिकणाऱ्याला ८८ जड पट्ट्या लागतात, त्याला हलका की-बोर्ड गळ्यात मारू नका.

परत आल्यावर सात दिवस

ऑर्डर जागेवर देऊ नका. "आजच्या आज" वाली स्कीम असेल तर लेखी मागा आणि घरी येऊन हिशोब करा. तीन मॉडेल निवडा. तुमच्या भागातल्या दोन-तीन म्युझिक टीचरना त्यांची माहिती दाखवा, त्यांचं मत घ्या. मग प्रत्येकी एक किंवा दोन नगांनी सुरुवात करा. पहिला नग किती दिवसांत गेला ते लिहून ठेवा. दुसरी ऑर्डर त्या आकड्यावर द्या, सेल्समनच्या उत्साहावर नाही.

आणि हो, फक्त की-बोर्डच्या नफ्यावर दुकान उभं राहत नाही. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून मोबाइलवर भाव बघतं. स्टँड, कव्हर, सस्टेन पेडल, अडॅप्टर, घरी जाऊन जोडून देणं, पहिला धडा दाखवणं, यात तुमची कमाई आहे. प्रदर्शनात या छोट्या वस्तूंच्या स्टॉलला निदान एक तास द्या.

आज रात्री एवढंच काम करा. दुकान असेल तर सहा महिन्यांपासून पडून असलेल्या नगांची यादी काढा. दुकान नसेल तर तुमच्या भागातले क्लास आणि भजनी मंडळं मोजा. ती यादी खिशात घेऊन प्रदर्शनात जा. हातात यादी असली की कोणत्या स्टॉलवर थांबायचं आणि कोणता सोडून पुढे जायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण हिशोबाने!