ओर्का : संचार सर्व सागरांत, घर एकाच किनाऱ्यावर

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रापासून अंटार्क्टिकाच्या हिमतटापर्यंत पृथ्वीवरील सर्व महासागरांत ज्याचा संचार आहे, असा एक काळा-पांढरा जलचर म्हणजे ओर्का. ‘किलर व्हेल’ या प्रचलित नावामुळे तो देवमासा वाटतो. वस्तुतः तो डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. श्रीलंकेभोवतालच्या उष्ण समुद्रातही तो अधूनमधून दृष्टीस पडतो. परंतु त्याची वस्ती दाट असते ती थंड, अन्नसमृद्ध किनाऱ्यांजवळ.

जात सर्वत्र पसरलेली असली, तरी समूहागणिक अन्न आणि ते मिळवण्याची रीत वेगळी आहे. हिवाळ्यात उत्तर नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्यांत हेरिंग माशांचे थवे येतात. ओर्का त्यांना घेरून शेपटीच्या तडाख्याने बधिर करतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ ते लाटेसरशी वाळूवर येऊन समुद्रसिंहांची पिल्ले पकडतात. अंटार्क्टिकात काही ओर्का एका रांगेत पोहून मोठी लाट उठवतात आणि हिमखंडावरील सील पाण्यात पाडतात. न्यूझीलंडचे ओर्का उथळ पाण्यात पाकट शोधतात. या विद्या पिल्ले वडीलधाऱ्यांच्या सहवासात आत्मसात करतात.

१९७०च्या दशकात मायकेल बिग या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्कांच्या पाठीवरील पर व खुणा यांची छायाचित्रे घेऊन एकेक प्राणी ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्यातून एक नवल उघड झाले. एकाच पाण्यात दोन समाज नांदतात : एक मासे खाणारा, दुसरा सील आदी सस्तन प्राण्यांवर जगणारा. त्यांच्यात परस्पर संकर होत नाही. मत्स्याहारी कुटुंबांत मुलगे व मुली दोघेही आयुष्यभर आईसोबतच राहतात. प्रत्येक कुटुंबाची बोलीही निराळी असते. सॅमन मासे दुर्मीळ झालेल्या वर्षी अनुभवी वृद्ध माद्या कळपाच्या पुढे चालतात.

यांपैकी सिअ‍ॅटल, व्हँकुव्हर परिसरातील मत्स्याहारी समूह आज संकटात आहे. त्याचे मुख्य अन्न चिनुक सॅमन. नद्यांवरील धरणे, अतिरेकी मासेमारी व अधिवासाचा ऱ्हास यांमुळे हा मासा घटला. १९६० व ७०च्या दशकांत प्रदर्शनांसाठी अनेक पिल्ले पकडून नेण्यात आली होती, ती हानीही भरून निघाली नाही. १९९५मध्ये ९८ असलेली संख्या २०२४च्या गणनेत ७३वर आली. २०१८मध्ये या समूहातील एका मादीने आपले मृत पिल्लू सतरा दिवस पाण्यावर तोलून धरले, ते दृश्य जगाने पाहिले.

त्याच पाण्यातील सीलभक्षक ओर्का मात्र वाढत आहेत, कारण तेथे सील विपुल आहेत. तरीही मत्स्याहारी कुटुंबे आपला पिढीजात आहार सोडून सीलकडे वळत नाहीत. ओर्का ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात आणि नौकांच्या गोंगाटात तो बुडून जातो. म्हणून वॉशिंग्टन राज्याने २०२५पासून नौकांना त्यांच्यापासून एक हजार यार्ड दूर राहणे बंधनकारक केले आहे. तेथील नद्यांत सॅमन पुन्हा वाढतील की नाही, यावर या समूहाचे भवितव्य अवलंबून आहे.