दहा वॅटच्या आत

वीज विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला कमी वीज खाणारा दिवा घ्यायला सांगते, वर त्यावर सवलतही देते. दूधवाल्याने ‘दूध जरा कमी घ्या’ म्हणावं, तसलाच हा प्रकार. अमेरिकेत मात्र तो बरीच वर्षं चालू आहे. कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच कंपनीची कमाई आणि विकलेली युनिटं यांची गाठ सोडवली. शिवाय दिवसातल्या चार तासांच्या मागणीसाठी नवं वीजकेंद्र बांधण्यापेक्षा मागणीच कमी करणं पुष्कळदा स्वस्त पडतं. पण सवलतीचा पैसा शेवटी सगळ्यांच्या बिलातूनच येतो. तो भलत्या वस्तूवर गेला तर जाब कंपनीलाच द्यावा लागतो. म्हणून नवीन काही आलं की या कंपन्या ते आधी स्वतः वापरून, मोजून बघतात.

एलईडीच्या आधी आलेल्या सीएफएल या वीजबचतीच्या दिव्याने त्यांना हा धडा चांगलाच दिला होता. सुरुवातीचे सीएफएल बोजड होते, शेडमध्ये मावत नसत, पेटायला वेळ घेत, आणि त्यांच्या उजेडात माणूस आजारी दिसे. एकदा घेऊन पस्तावलेलं गिऱ्हाईक पुन्हा तिकडे फिरकलं नाही. एलईडीचंही तेच होणार अशी चिन्हं होती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2006पासून एलईडीचे दिवे गुपचूप दुकानातून विकत घेऊन तपासायला सुरुवात केली, तेव्हा खोक्यावर छापलेला उजेड आणि प्रत्यक्ष पडणारा उजेड यांचा मेळ अनेकदा बसेना.

मग 2008मध्ये त्याच खात्याने ‘एल प्राइझ’ नावाची स्पर्धा काढली. घरोघरी असणाऱ्या 60 वॅटच्या बल्बची जागा घेईल असा एलईडी दिवा करा आणि 1 कोटी डॉलर घ्या. अटी कडक होत्या. वीज 10 वॅटच्या आत, उजेड 900 ल्युमेनहून जास्त, पिवळसर ऊबदार रंग, वस्तूंचे रंग खरे दिसतील अशी प्रत, आणि आयुष्य 25,000 तासांहून अधिक. पीजी अँड ई, सदर्न कॅलिफोर्निया एडिसन यांसारख्या वीज कंपन्या यात भागीदार होत्या. फिलिप्सने 2009च्या सप्टेंबरात 2,000 दिवे पाठवून दिले.

खरी पंचाईत हे आयुष्य तपासण्यात होती. साधा बल्ब तार तुटली की जातो. एलईडी तसा जात नाही, तो हळूहळू मंदावतो. मूळ उजेडाच्या 70 टक्क्यांवर आला की तो संपला असं धरतात. पण 25,000 तास म्हणजे अहोरात्र जळत ठेवला तरी जवळपास तीन वर्षं. तोवर कोण थांबणार? म्हणून 200 दिवे 45 अंश सेल्सियसच्या उष्ण हवेत सतत पेटते ठेवले, कारण छतात गाडलेल्या बंद खोबणीत दिव्याला असंच तापावं लागतं. मोजमापाची तऱ्हाही नामी होती. उजेड मोजायला आतून पांढरा रंगवलेला पोकळ गोल वापरतात; दिव्याचा उजेड त्याच्या भिंतींवर इकडेतिकडे आपटून एकजीव होतो आणि मग संवेदक तो मोजतो. एरवी दिवा काढून गोलात ठेवतात. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुळावरून सरकणारा गोलच दिव्यांखालून एकेकाला भेटी देत हिंडे. दिवा विझवायचा नाही, हलवायचा नाही. असे 7,000 तासांचे आकडे जमवून पुढच्या आयुष्याचं गणित मांडलं गेलं.

काही दिव्यांचा निव्वळ छळ झाला. थरथर, दमट हवा, कडाक्याची थंडी, वरखाली होणारा विद्युतदाब. सोबत तुलनेसाठी ठेवलेल्या सीएफएलनी माना टाकल्या, हे दिवे टिकले. शिवाय भागीदार कंपन्यांनी आपापल्या भागातल्या इमारतींत दिवे बसवून लोकांची मतं घेतली. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग हाच. प्रयोगशाळेत ‘उजेड डोळ्यांवर येतो’ असं म्हणणारं कोणी नसतं.

ऑगस्ट 2011मध्ये फिलिप्सला इनाम मिळालं. दिवा 9.7 वॅटचा, उजेड 910 ल्युमेन. पुढच्या वर्षी तो दुकानात आला तेव्हा किंमत 50 डॉलरच्या आसपास. पहिल्या वर्षी 22 डॉलरपर्यंत उतरावी अशी स्पर्धेची अपेक्षा होती. वीज कंपन्यांच्या सवलतींनी ती थोडीफार खाली आली, पण स्वस्त, उजेडाला जरा उणे दिवे भराभर आले आणि हा पठ्ठ्या लवकरच बाजारातून बाद झाला. प्रयोगशाळेत मात्र ते 200 दिवे जळतच होते. 25,000 तास उलटल्यावर मोजलं, तर सरासरी उजेड सुरुवातीइतकाच भरला.

आपल्याकडे ‘उजाला’ योजनेत 2015पासून घराघरांत पोचलेला एलईडी बल्ब सरकारी घाऊक खरेदीत 310 रुपयांवरून पुढे 38 रुपयांपर्यंत उतरला. स्वस्ताईचा हा पराक्रम लहान नाही. पण स्वस्त बल्ब बंद पडतो तेव्हा त्यातली एलईडी चिप सहसा शाबूतच असते. जातो तो बुडाशी बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपला पचेल अशी करून देणारं सर्किट. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. बंद काचेच्या गोळ्यात, उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली तर आणखी लवकर. खोक्यावर छापलेले 25,000 तास चिपचे की ड्रायव्हरचे, आणि किती अंशांच्या हवेतले, हे दुकानदाराला विचारून बघावं.