भारत म्हणजे विभाग ५

डीव्हीडी बाजारात आणताना चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १, युरोपचा बराचसा भाग आणि जपान २, चीन ६. भारत, रशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश ५ मध्ये. विमान-जहाजांसाठी वेगळा क्रमांक ८.

तबकडीवरचा आणि प्लेअरमधला क्रमांक जुळला नाही, तर चित्र उमटत नाही. न्यू जर्सीच्या दुकानातून मावशीने रोख पैसे मोजून आणलेली अस्सल डीव्हीडी पुण्यात चालत नाही, आणि रस्त्यावरची चोरटी प्रत मात्र बिनतक्रार चालते, कारण तिच्यावर सहसा हे बंधन नसतेच. शिक्षा प्रामाणिक ग्राहकालाच! संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. मग शेवटचा क्रमांक कायमचा.

विभागाच्या जोडीला डीव्हीडी तबकड्यांवर असलेले ‘सीएसएस’ हे सांकेतिक कुलूप अवघ्या ४० बिटांच्या किल्लीचे होते. १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ या छोट्या प्रोग्रॅमने ते उघडले. त्यात सहभागी असलेल्या यॉन लेक योहानसन या नॉर्वेच्या तरुणावर खटला झाला. २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा हक्क न्यायालयाने मानला, हे फार महत्त्वाचे.

ब्लू-रेमध्ये विभाग तीनवर आले, भारत ‘सी’मध्ये. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांवर विभागबंदी नाही. परदेशातून डीव्हीडी मागवण्याआधी वेष्टनावरचा पृथ्वीगोल आणि त्यातला आकडा जरूर पाहा.