एसटीत सुटलेला रोजा

रोजा सोडायचा तर तोंडावरचा मास्क काढावा लागतो. आज हे वाक्य वाचून कुणाला हसू येईल. पण 2021 च्या रमजानमध्ये, जालन्याहून दुसरबीडला येणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत, माझ्यापुढे हाच प्रश्न होता आणि तेव्हा हसू येत नव्हतं.

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातलं, मेहकर–जालना रस्त्यावरचं गाव. जिल्हा आमचा बुलढाणा, पण बुलढाणा शहर लांब. दवाखाना असो, बाजार असो की नोकरी, आमची पावलं जालन्याकडेच वळतात. मीही जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटर. स्वतःची गाडी घ्यावी असं कधी वाटलं नाही, कारण दारावरून एसटी जात होती.

मार्च 2020 मध्ये ती थांबली. 22 मे ला पुन्हा धावू लागली, तेव्हा ईद तीन दिवसांवर होती. पण परवानगी फक्त जिल्ह्याच्या आत, आणि एका गाडीत जास्तीत जास्त 22 प्रवासी. आमच्यासारख्या हद्दीवरच्या लोकांची त्यात पंचाईत झाली. एसटी सिंदखेडराजापर्यंत यायची, पुढे जालना जिल्हा. पन्नास किलोमीटरवरचं जालना एकदम परमुलूख झालं. 20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे आमचा रस्ता पुन्हा जोडला गेला.

पुढचं वर्ष अधिक कठीण निघालं. 14 एप्रिल 2021 ला पहिला रोजा होता आणि त्याच रात्री आठपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले. आठवड्याभरात एसटीतली निम्मी आसनं रिकामी ठेवायचा नियम आला, तोही फक्त अत्यावश्यक कामाच्या लोकांसाठी. कॉलेज बंद होतं, पण आम्हा शिक्षकांना कोविडच्या कामाला लावलं होतं. घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांना फोन करायचे, ताप किती, ऑक्सिजन किती, हे विचारून नोंदवायचं. काही घरांत मराठीत विचारायचो, काही घरांत उर्दूत. उत्तर देणाऱ्यांच्या आवाजातली भीती दोन्हीकडे सारखीच असायची.

घरी अम्मी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपल्या गावात साथ आली तर तिथून बाहेर पडू नये, ही पैगंबर साहेबांची शिकवण त्यांनीच मला लहानपणी सांगितली होती. आता त्यांचाच मुलगा रोज एका साथीतून दुसऱ्या साथीत ये-जा करत होता. त्या म्हणाल्या, “मुसाफिर को तो छूट है बेटा, बाद में रख लेना.” प्रवाशाला आणि आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे, हे खरं. पण त्यासाठी प्रवास बराच लांबचा लागतो. अनेक उलेमा 48 मैलांचं माप मानतात. माझा रस्ता त्यात बसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, सगळंच सुटत चाललं असताना रोजा तरी सुटू नये असं मनाला वाटत होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास जालन्याहून निघायचो. दुकानं सकाळी अकरालाच बंद झालेली असायची, म्हणून घरूनच खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचो. इफ्तारची वेळ सातला दहा-बारा मिनिटं कमी असताना यायची. नेमकी तेव्हा गाडी सिंदखेडराजाच्या अलीकडे असायची. पहिल्या दिवशी मी खजूर हातात धरून नुसता बसून राहिलो. शेजारच्या आसनावर फुली होती, पुढे एक म्हातारे गृहस्थ, मागे एक बाई लेकराला घेऊन. त्यांच्यात मास्क कसा काढायचा? दिवसभर मी रुग्णांच्या घरांशी बोलत होतो आणि माझ्या श्वासावर माझाच भरवसा नव्हता.

कंडक्टरच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, “सर, रोजा आहे ना? मग सोडत का नाही?” मी पुढच्या-मागच्या प्रवाशांकडे बोट दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पुढे जाऊन दोरी एकदा ओढली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडी थांबली. “खाली उतरून सोडा. दोन मिनिटं थांबतो.”

त्या दिवसापासून तो नेमच झाला. मी उतरायचो, मास्क खाली घ्यायचो, खजूर, चार घोट पाणी, एक दुआ. परत चढलो की दोन घंट्या. कधी मीच विसरून डुलकी घेत असलो तर मागून एखादी आजी ओरडायची, “अरे थांबव रे गाडी, मास्तरचा उपास सुटाचा हाय!”

एक संध्याकाळ मात्र मनातून जात नाही. विशीतला एक मुलगा मांडीवर थर्मास घट्ट धरून बसला होता. आत बर्फ आणि बर्फात इंजेक्शन. घरात कुणीतरी अत्यवस्थ होतं. दिवसभर दुकानं पालथी घालून त्याने ते मिळवलं होतं. मी कंडक्टरना म्हणालो, “आज थांबू नका. घरी जाऊन सोडीन.” त्या मुलाने ते ऐकलं. म्हणाला, “थांबा काका. तुमच्या दोन मिनिटांनी काही होत नाही. फक्त दुआ करा.” मी खजूर तोंडात टाकला, पाण्याचा एक घोट घेतला आणि पळत गाडीत चढलो. दुआ सीटवर बसून केली. तो कुठे उतरला ते मी पाहिलं, पुढे काय झालं ते कळलं नाही. त्या एप्रिलमध्ये इंजेक्शन मिळालेले सगळेच वाचले नव्हते.

घरी आलो की अंगणात अंघोळ, जेवण ओसरीवर एकट्याचं. अम्मी आतून दाराशी बसून बोलायच्या. मशिदीत इफ्तारला जमणं बंद होतं. त्या महिन्यात माझ्या इफ्तारला माणसांची सोबत होती ती फक्त खिडकीतून पाहणाऱ्या वीस-बावीस प्रवाशांची. रोजदाराचा रोजा सोडवणाऱ्याला रोजदाराइतकाच सवाब मिळतो, असं आम्ही मानतो. त्या हिशेबाने अख्ख्या गाडीच्या खात्यावर रोजे जमा झाले असतील.

कंडक्टरना मी शीरखुर्मा कबूल केला होता. 14 मे ला, शुक्रवारी ईद झाली. सोमवारी डबा घेऊन गाडीत चढलो तर वेगळेच कंडक्टर. चौकशी केली, “ते सुट्टीवर आहेत” एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा ‘सुट्टीवर’ या शब्दाचे बरेच अर्थ होत होते. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नाव कधी विचारलं नव्हतं. डबा तसाच घरी आला.

याच एसटीच्या लोकांनी 2020 च्या मे महिन्यात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवलं होतं. उत्पन्न आटलं, पगार लांबले, कित्येक सहकारी गेले, तरी गाड्या निघत राहिल्या.

2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातलं मास्कचं बंधन उठलं आणि दुसऱ्याच दिवशी रमजान लागला. तेव्हा एसटीचा संप चालू होता. महिनाअखेरीस गाड्या नेहमीसारख्या सुरू झाल्या आणि मी चेहरे शोधू लागलो. तेव्हा लक्षात आलं की मला त्यांचे फक्त डोळे ओळखीचे आहेत. मास्कखालचा चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही. ते समोरून तिकीट देऊन गेले असतील, तरी मला कळलं नसेल.

अडचणीमुळे राहून गेलेला रोजा नंतर ठेवून फेडतात, त्याला कजा म्हणतात. त्या शीरखुर्म्याची कजा माझ्याकडे अजून बाकी आहे. म्हणून रमजानमध्ये एसटीत असलो की थोडे जास्तीचे खजूर घेऊन निघतो आणि वेळ झाली की आधी कंडक्टरपुढे धरतो. बहुतेक जण ‘कशाला सर’ म्हणत एक उचलतात. मग मी माझा रोजा सोडतो. आता त्यासाठी गाडी थांबवावी लागत नाही.