औषधाच्या कणांची अचूक पारख

एकाच औषधाच्या दोन गोळ्या डोळ्यांना सारख्या दिसल्या, तरी रोग्याच्या शरीरात त्यांचा परिणाम सारखा होईलच असे नाही. त्याचे एक कारण गोळीतील भुकटीच्या कणांमध्ये दडलेले असते. खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, पिठीसाखर मात्र चटकन विरघळते, हा घरोघरचा अनुभव आहे. औषधांचेही तसेच आहे. कण बारीक असले म्हणजे त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो व औषध लवकर विरघळते. परंतु भुकटी फारच बारीक झाल्यास ती चिकटून बसते, साच्यात सारख्या प्रमाणात उतरत नाही आणि गोळ्यांचे वजन कमीअधिक होते. म्हणूनच कणांचा आकार ठराविक मर्यादेत राखणे अगत्याचे ठरते.

हे कण मायक्रॉनमध्ये मोजले जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. मोजणीसाठी चाळण्या, सूक्ष्मदर्शक यंत्र व लेसर उपकरणे वापरण्यात येतात. मात्र त्यासाठी बहुधा नमुना काढून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. दरम्यान वाळवणी यंत्रात भुकटी ढवळली जातच असते. तिचे गोळे बनतात किंवा कण फुटतात. अहवाल हाती येईतो परिस्थिती पालटलेली असते आणि निर्णय बव्हंशी कामगाराच्या अनुभवी नजरेवर सोपवावा लागतो.

ही अडचण दूर करण्याच्या दृष्टीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानच्या ताकेदा या औषध कंपनीच्या सहकार्याने एक नवी पद्धत विकसित केली. तिची माहिती २०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भुकटीवर लेसर किरण सोडले असता, विखुरलेल्या प्रकाशातून उजळ व काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. कॅमेरा तिची छायाचित्रे टिपतो. या नक्षीवरून कणांचा आकार ताडणे मानवी डोळ्यांस शक्य नाही. म्हणून ज्ञात आकाराच्या कणांची उदाहरणे दाखवून संगणकास ते शिकविले जाते. यालाच यंत्र-शिक्षण म्हणतात. या पद्धतीत प्रकाशाचे भौतिक नियमही गणितात गोवलेले असल्याने तुलनेने थोड्या उदाहरणांवर काम भागते. वाळवणी न थांबविता आणि नमुना न काढता लहानमोठ्या कणांचे प्रमाण कळू शकते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

अर्थात, संगणक शिकविले तेवढेच जाणतो. अपरिचित भुकटी समोर आल्यास त्याचा अंदाज चुकू शकतो. त्यामुळे प्रस्थापित पद्धतींनी पडताळा घेणे आणि जाणत्या तंत्रज्ञाची देखरेख या गोष्टी अटळच राहतात.

गोव्यात वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. तेव्हा हा विषय येथील विद्यार्थी व कामगार यांना परका नाही. खेड्यातील रोगी गोळी घेतो ती विश्वासाने. तिच्यातील कण तो तपासू शकत नाही. ती जबाबदारी कारखान्याचीच असते, आणि तेथील मोजमाप जितके चोख, तितका तो विश्वास सार्थ ठरतो.