जुन्या पद्मिनीचा फॅन आवाज करतोय? मोबाईलच्या मदतीने असं शोधा कारण

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. पण घरगुती पद्मिनी अजून आहेत. आमच्या मालवणातही कुणाच्या ना कुणाच्या मांगरात एखादी उभी असते. चतुर्थीला ती बाहेर निघते आणि शेजारचे काका विचारतात, "गाडी कित्या ओरडता रे?"

बऱ्याचदा हा आवाज कूलिंग फॅनच्या बाजूने येतो. तो नेमका कशाचा आहे, हे आज पाहू.

आधी फॅन समजून घ्या

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरचा फॅन विजेच्या मोटरवर चालतो. १०८९ सीसीच्या पद्मिनीत तसं नाही. तिथे फॅन वॉटर पंपाच्या शाफ्टवरच बसवलेला असतो आणि इंजिन त्याला बेल्टने फिरवतं. तोच बेल्ट डायनामो किंवा अल्टरनेटरही फिरवतो. म्हणजे "फॅनचा आवाज" या चौघांपैकी कुणाचाही असू शकतो.

दुर्लक्ष केलं तर? पंपाचं बेअरिंग जाम झालं किंवा बेल्ट तुटला, की हवा, पाणी आणि चार्जिंग तिन्ही एकदम बंद. हे फोंडा किंवा आंबोली घाटात झालं आणि गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट गेलंच समजा.

आवाज ओळखा

- चीं-चीं: बेल्ट घसरतोय. चालू इंजिनात लांबून बेल्टवर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट सैल असण्याची शक्यता जास्त. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट कडक झालाय. आपल्याकडची खारी हवा पुलीच्या खाचेत गंज चढवते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत तीही तपासा.
- घरघर: बेअरिंग. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर फॅन पुढे-मागे हलवा. तो खुळखुळला किंवा पंपाखाली पाण्याचे डाग दिसले, तर पंपाचं काम निघालंय.
- खट-खट: पातं कुठेतरी लागतंय किंवा बोल्ट सैल आहे. इंजिनाचे रबरी माउंटिंग बसले की इंजिन हलतं आणि फॅन रेडिएटरच्या जवळ जातो. पात्याला चीर दिसली तर गाडी चालूच करू नका.
- व्हूऽऽ: ॲक्सिलरेटरबरोबर एकसारखा चढणारा हा आवाज हवेचा आहे. काळजी नको.

मोबाईल कुठे कामाला येतो?

१. रेकॉर्डिंग: गाडी थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, त्याच जागेवरून आवाज रेकॉर्ड करा. मेकॅनिककडे गेल्यावर नेमका तेव्हाच आवाज गायब होतो ना, म्हणून! व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट न करता फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

२. स्पेक्ट्रम: जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. त्यातलं ऑडिओ स्पेक्ट्रम उघडा. फॅन मिनिटाला २००० फेरे घेत असेल आणि पाती चार असतील, तर २००० भागिले ६० गुणिले ४, म्हणजे साधारण १३३ हर्ट्झला हवेचा टोक दिसेल. बेल्टची किंचाळी बहुधा हजार हर्ट्झच्या वर असते. घरघर मात्र एका टोकावर न थांबता पसरलेली दिसते.

३. स्लो-मो: बंद इंजिनात एका पात्यावर खडूची खूण करा, मग इंजिन चालू करून लांबून २४० फ्रेमवर शूट करा. खूण १६ फ्रेममध्ये परत आली, तर फॅन मिनिटाला ९०० फेरे घेतोय. बेल्ट फडफडतोय का, तेही दिसतं. पाती केळीच्या पानासारखी वाकलेली दिसली तर घाबरू नका, तो कॅमेऱ्याच्या रोलिंग शटरचा खेळ आहे. खरा वाक बंद इंजिनात, फॅन हाताने फिरवून पाहायचा.

शेवटची खात्री

थंड इंजिनाचा बेल्ट काढा आणि गाडी फक्त वीस-तीस सेकंद चालवा. पंप बंद असल्याने त्याहून जास्त नको. आवाज गेला तर दोष बेल्ट, पंप किंवा डायनामोत. मग इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा, खरखरणारी सापडेल. आवाज तसाच राहिला तर फॅन निर्दोष आहे. मेकॅनिकला टायमिंग चेन आणि टॅपेट बघायला सांगा. उगाच नवा पंप घेऊ नका.

हे विसरू नका

चालू फॅनची पाती डोळ्यांना दिसत नाहीत. ओढणी, लुंगी, गळ्यातली चेन, लोंबणारा इअरफोन काहीही जवळ नको. चांगला अँगल मिळावा म्हणून मोबाईल आत घालू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. मोबाईल नवा घेता येतो, बोटं नाही.